वाघरीतला आकडा

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी भिमाअण्णा मेंढरांकडं गेले ते नऊ वाजले तरी परतले नाहीत, तेव्हा घरात सगळ्यांनी ओळखलं की अण्णा रुसलेत. पण पाहुणे अक्कलकोटकडून निघाले होते, मांडवात खुर्च्या मांडायच्या राहिल्या होत्या, आणि थोरल्या माणसाची समजूत काढत बसायला कुणाला सवड नव्हती.

रुसण्यासारखं घडलं होतं, खोटं कशाला सांगा. आठ दिवस झाले, करांडेवस्तीवरच्या या घरात दोन तट पडले होते. एकीकडं अण्णा आणि त्यांची पुतणी सोनाली. दुसरीकडं सोनालीचा थोरला भाऊ शहाजी, आई कस्तुराबाई आणि बाप जोतिराम. जोतिराम अण्णांचा पाठचा भाऊ. पण तो ज्याच्या शेजारी जेवायला बसेल त्याच्या बाजूचा होई, म्हणून त्याला कुणी मोजत नव्हतं. शहाजीची बायको दिपाली कुठल्या बाजूची, ते तिनं अजून कुणाला कळू दिलं नव्हतं.

भांडण मेंढरांवरून सुरू झालं होतं. अण्णांनी लग्न केलं नाही, सगळी हयात कळपामागं काढली. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी सांगोल्याच्या बाजारात मेंढरं विकली. किती विकली ते विचारू नका, त्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नाही. व्यापाऱ्यानं पैसे फोनवर पाठवले, कारण आता तसंच चालतं. त्या पैशाचं काय करायचं हे अण्णांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. सोनाली सोलापुरात राहून रक्ततपासणीचा कोर्स शिकली होती. होणाऱ्या नवऱ्याचं, नंदीशचं, त्याच्या गावात मेडिकल होतं आणि मेडिकलशेजारी एक गाळा रिकामा होता. सोलापुरातल्या एका बंद झालेल्या लॅबचं मशीन विकायला निघालं होतं, ते अण्णा तिला घेऊन देणार होते. मशीनवाल्यानं आज संध्याकाळी पाचपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. पाचनंतर दुसरं गिऱ्हाईक ते उचलणार होतं.

शहाजीला हे पटलं नव्हतं. टेंभुर्णीत त्याचे दोन टेम्पो चालत, चार लोकांत ऊठबस होती. बहिणीचं लग्न टेंभुर्णीच्या मोठ्या कार्यालयात व्हावं, मशीन काय, मागनं बी घेता येतंय, असं त्याचं म्हणणं. अण्णा ऐकेनात तेव्हा त्यानं दुसरीकडून धरलं.

"अण्णा, फोन माझ्याकडं द्या. लोकांची खाती धुऊन न्यायला लागल्यात फोनवरनं. तुमाला अक्षर वाचता येत न्हाय. कुणीबी गंडवंल."

यावर मात्र सगळ्यांच्या माना हलल्या. कस्तुराबाईची हलली, जोतिरामची तर आधीच हलली. साखरपुडा झाला की फोन शहाजीच्या हवाली करायचा, असं ठरून गेलं. अण्णांना हे लागलं. ज्या माणसानं पन्नास वर्षं लांडग्यांच्या तोंडातून कळप राखला, त्याला वितीएवढा फोन राखता येणार नाही, असं घरच्यांनीच ठरवलं होतं.

शेवटी सोनालीच आली. नव्या साडीच्या निऱ्या एका हातात धरलेल्या, चपला दुसऱ्या हातात. बाभळीपलीकडं जाळीची वाघर लावलेली होती, आत मेंढरं रवंथ करत बसली होती आणि अण्णा एका कोकराच्या पायातला काटा काढत होते. काटा काढायचा होता की नाही देव जाणे.

"अण्णा, पाव्हणं मंगळवेढं सोडून पुढं आलं. उठा की."

"तू जा. तुज्या भावाला बसीव म्होरं. त्यो शिकलेला हाय."

"अंगठी घालताना तुमी नसला तर मी हात म्होरं करनार न्हाय. मग नंदीश अंगठी घालू दे माज्या भावाच्या बोटात."

अण्णांना हसू आलं, पण त्यांनी ते कोकराच्या पायाकडं बघून दाबलं. या पोरीवर फार वेळ रुसता येत नसे, ही त्यांची जुनी अडचण होती.

"फोन द्यायाचा हाय म्हणं आज," ते म्हणाले.

"मला न्हाय म्हाईत. मी तुमाला शिकीवला तवा काय म्हनलं हुतं?"

आषाढात याच बाभळीखाली तिनं त्यांना फोन शिकवला होता. अक्षरं येत नव्हती, पण आकडे अण्णांना डोळे झाकून येत. आकड्यांवाचून कोण मेंढपाळ झालाय. हिरवं बटन, निळं बटन, मग चार आकडे. ते चार आकडे कुणाला सांगायचे नाहीत, मलासुद्धा नाहीत, असं ती म्हणाली तेव्हा अण्णांनी लगेच मान डोलावली होती. "म्हंजी मेंढरांवानी," ते म्हणाले होते.

कारण मेंढरांचा खरा आकडा धनगर परक्याला सांगत नाही. दृष्ट लागते म्हणा, चोराच्या कानाला लागतो म्हणा, पण नाही सांगत. कुणी विचारलं की तोंडाला येईल तो आकडा ठोकून द्यायचा. अण्णांचा तोंडाला येणारा आकडा कायम एकच असे, पंधरा-वीस. कळप अंगणात मावत नसला तरी पंधरा-वीस. त्यावरून वस्तीवर त्यांची पुष्कळ चेष्टा व्हायची.

"चला," सोनाली म्हणाली आणि तिनं त्यांचं घोंगडं उचलून त्यांच्या खांद्यावर टाकलं.

पाहुणे दहाच्या सुमाराला आले. दोन गाड्या, तीस-पस्तीस माणसं. नंदीश मागं मागं राहणारा, चष्मेवाला मुलगा. त्याची आई हेमावती मात्र मोठ्या आवाजाची, गाडीतून उतरल्या उतरल्या कस्तुराबाईच्या गळ्यातच पडली. आणि नंदीशचे चुलते चन्नप्पा, अण्णांच्याच वयाचे, डोक्याला पांढरा पटका, मराठीत बोलता बोलता मधेच कन्नडात घसरणारे.

चन्नप्पा खुर्चीवर बसले नाहीत. पाणी पिऊन ते सरळ मांडवाच्या कडेला गेले आणि बाभळीकडं बघत उभे राहिले.

"व्याही, मेंढरं मस्त हायती की. भाळ छलो. किती हायती?"

"असत्याल की," अण्णा म्हणाले, "पंधरा-वीस."

मांडवात हशा पिकला. जोतिरामनं तर पाहुण्यांच्या देखत कपाळाला हात लावला, कारण तिथून उभ्या उभ्या दिसणारी मेंढरंच त्याहून जास्त होती. चन्नप्पा तेवढे हसले नाहीत. त्यांनी अण्णांकडं एकदा नीट बघितलं आणि, "हौदु, असत्याल," एवढं म्हणून खुर्चीवर येऊन बसले.

ओटी भरून झाली, पेढे वाटून झाले. अंगठ्यांचं ताट पुढं आलं आणि नेमका तेव्हाच अण्णांच्या बंडीच्या खिशात फोन वाजला. अण्णांनी तो काढून कानाला लावेपर्यंत शहाजीनं हात पुढं केला.

"द्या हिकडं. कुनाचा हाय बघतो."

फोनवरचा माणूस गोड बोलत होता. शहाजीनं पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून आवाज मोठा केला, त्यामुळं मांडवातल्या सगळ्यांना ऐकू येत होतं. "भीमराव करांडे यांच्या खात्याची केवायसी अपूर्ण आहे, सर. आज बारा वाजता खातं बंद होणार. त्यातली रक्कम सरकारजमा होईल."

कस्तुराबाईनं हातातलं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

"साहेब, थांबा थांबा," शहाजी म्हणाला. "मी त्यांचा पुतण्या बोलतोय. काय करायचं ते सांगा, मी करतो."

"खात्यात साधारण किती रक्कम आहे, सर?"

"मशीनचं नव्वद हजार हायत."

अण्णा पुढं सरले. पन्नास वर्षांत कुणी त्यांच्या वाघरीतला आकडा असा भर मांडवात ओरडून सांगितला नव्हता, आणि तोही न बघितलेल्या माणसाला. "शाजा," ते म्हणाले, "फोन ठेव."

"अण्णा, तुमी गप बसा. तुमाला ह्यातलं कळत न्हाय." शहाजीनं हातानंच त्यांना थोपवलं. फोनवरचा माणूस आता घाई करायला लागला होता. मेसेज पाठवलाय, त्याच्यावर बोट ठेवा, खाली चार चौकोन येतील, त्यात पिन टाका, लगेच खातं चालू होईल, पाचच मिनिटं राहिली आहेत, सर.

"अण्णा, पिन काय?"

अण्णांनी बाभळीकडं बघितलं.

"अण्णा, बारा वाजत्यात. सोनीचं मशीन जाईल हातचं. पिन सांगा."

"भावजी, सांगा की वं," कस्तुराबाई काकुळतीला आली.

तीस-पस्तीस पाहुणे, वस्तीवरचे पन्नास, आणि फोनमध्ये बसलेला एक अनोळखी माणूस, इतक्या जणांच्या पुढं अण्णांना आकडा विचारला गेला होता. त्यांनी काही ठरवलं वगैरे नाही. तोंड आपलं आपण उघडलं.

"पंधरा-वीस," अण्णा म्हणाले.

शहाजीनं एक, पाच, दोन, शून्य टाकलं. फोननं चुकीचा पिन म्हणून लाल अक्षरं दाखवली.

"चुकला की. नीट आठवा."

आता मात्र अण्णा सावध झाले होते. सांगोल्याच्या बाजारात त्यांनी हयात घालवली होती. जो व्यापारी बूड टेकायच्या आत घाई करतो, त्याच्या रुमालाखाली हात घालायचा नाही, हे त्यांना त्यांच्या बापानं शिकवलं होतं. बाजारात भाव ठरतो तो रुमालाखाली, बोटं दाबून, शेजारच्याला कळू न देता. आणि इथं तर कुणी रुमालच टाकला नव्हता.

"धा-बारा," ते शांतपणे म्हणाले.

तेही चुकलं. "पंचवीस-तीस," ते म्हणाले. तेही चुकलं, आणि फोननं सांगितलं की तीनदा चुकलं, आता हा पिन चालणार नाही.

शहाजी फोनकडं बघतच राहिला. मग त्याचा तोल गेला. "घ्या. घातलं कुलूप. म्हनलं हुतं की न्हाय, ह्यांच्याकडं फोन ठिवू नगा म्हून? सवताचा आकडा ध्येनात न्हाय ह्यांच्या. गेलं मशीन, गेलं पैसं."

कस्तुराबाईच्या डोळ्याला पदर लागला. जोतिराम कुठं बघावं ते न कळून ताटातल्या अंगठ्यांकडं बघत होता. अण्णांनी सोनालीकडं बघितलं. ती पाटावर बसलेली, हातात हळदकुंकू, आणि तिचा चेहरा एकदम लहान झाला होता. क्षणभर त्यांना वाटलं, सांगून टाकावा खरा आकडा, जाऊ दे जातो तर. आपल्या हेक्यापायी पोरीचं मशीन गेलं तर काय तोंड दाखवायचं. पण तोंड उघडेना.

"काही हरकत नाही, सर," फोनमधला माणूस म्हणाला. तो अजून होताच. "घरातल्या दुसऱ्या नंबरवरून पण होतं. तुमचा स्वतःचा नंबर सांगा. तुमच्या खात्यात साधारण किती असतील?"

"सहा-सात हजार," शहाजी म्हणाला, आणि स्वतःचा नंबर सांगितला. घाम पुसत त्यानं आपला फोन काढला. मेसेज आला, बोट ठेवलं, चार आकडे टाकले. आकडे आठवायला त्याला वेळ लागला नाही, कारण ते त्याच्या थोरल्या टेम्पोच्या पाठीमागं वीतभर उंचीचे रंगवलेले होते.

फोन टिंग करून वाजला. शहाजीनं मेसेज वाचला. मग परत वाचला. मग तो खुर्चीवर बसला.

"हॅलो," तो म्हणाला. "साहेब? हॅलो."

फोनमध्ये आता कुणी नव्हतं.

"काय झालं?" जोतिरामनं विचारलं.

दिपालीनं पुढं होऊन नवऱ्याच्या हातातला फोन घेतला आणि मेसेज मोठ्यानं वाचला. सहा हजार दोनशे रुपये गेले होते. खात्यात एकोणचाळीस रुपये उरले होते.

पलीकडं वाघरीत एक कोकरू ओरडलं. आणि मग दिपालीनं आपली बाजू जाहीर केली. तिनं आधी आपल्या फोनवरून एकोणीस-तीसला फोन लावला, फसवणुकीची तक्रार घेतात तो नंबर. नाव, वेळ, रक्कम, सगळं एका दमात सांगितलं. ते झाल्यावर ती अण्णांपुढं आली, पदर सावरला आणि वाकून त्यांच्या पाया पडली.

"तुमी खरा पिन सांगितला असता तर आज नव्वद गेलं असतं," ती म्हणाली. मग शहाजीकडं वळली. "आन् तुमी टेम्पोवर पिन लिवून हिंडताय. टेंभुर्णीच्या चौकात पानपट्टीवाल्याला बी म्हाईत हाय तुमचा पिन."

पहिल्यांदा हसल्या हेमावती. त्या हसायला लागल्या तशा त्यांच्या बाजूच्या बायका हसल्या, मग वस्तीवरचे, मग जोतिराम, आणि डोळे पुसता पुसता कस्तुराबाईसुद्धा. शहाजी मान खाली घालून बसला होता, पण त्याचेही खांदे हलत होते. आता ते रडण्यानं हलत होते की हसण्यानं, ते त्याचं त्याला माहीत.

"भावजी," कस्तुराबाई म्हणाली, "तुमास्नी खरा पिन ध्येनात हाय?"

"हाय की."

"मग मगाशी?"

"मानसं बसल्याली," अण्णा म्हणाले.

पण कुलूप लागलं होतं ते लागलंच होतं, आणि पाचला मशीन जाणार होतं. सोनाली पाटावरून उठली. अंगठी घालायची राहिली म्हणून कुणी बाई पुटपुटली, तिच्याकडं तिनं लक्ष दिलं नाही.

"अण्णा, बँकेचं कार्ड कुटं हाय?"

अण्णांनी पटका सोडला. आतल्या घडीतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं कार्ड निघालं. त्याच्यासोबत भंडाऱ्याची पुडीही निघाली, बिरोबाची. सोनाली म्हणाली, "कार्ड असंल तर नवा पिन लावता येतोय. मी सांगते तसं करा. पर आकडं तुमीच टाका."

अण्णांनी फोन घेतला, कार्ड घेतलं, चारी बाजूंना बघितलं. ऐंशी माणसं माना उंचावून बघत होती. मग त्यांनी खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि मांडवाच्या मधोमध, डोक्यावरून पायापर्यंत पांघरून खाली बसले.

पहिले उठले चन्नप्पा. त्यांनी घोंगड्याकडं पाठ केली. मग भावकीकडं बघून दटावलं, "ए, तिरगरी आ कडे." ती सगळी त्या कडेला तोंड करून उभी राहिली. ते बघून वस्तीवरचे वळले. हेमावतीबाई वळल्या. शेवटी नवरदेव नंदीशही वळला, आणि मांडवाच्या कनातीकडं बघत हाताची घडी घालून उभा राहिला.

"अण्णा, दिसतंय का?" सोनाली पाठमोरीच विचारत होती.

"दिसतंय की." आवाज घोंगड्यातून येत होता. "उजेड हाय आत."

"पिन इसरलो, असं लिवल्यालं असंल, खालच्या बाजूला."

"मी कुटं इसरलोय?"

"तसं न्हवं वं. लाल अक्षरांच्या खालती निळं हाय का? त्याला दाबा. आता कार्डावरचं शेवटचं सा आकडं."

घोंगडं हललं. आतून पुटपुटल्याचा आवाज येत होता. एकदा कार्ड खाली पडलं, ते चाचपून सापडलं. मेसेजमधून आलेले आकडे टाकून झाले.

"आता नवा पिन. मनातलाच टाका. मला न्हाय सांगायचा."

"तुला कोन सांगतंय," घोंगडं म्हणालं.

नवा आकडा कुठला टाकला ते मी तुम्हाला सांगितलं असतं, पण मलाही माहीत नाही. एवढं खरं की तो टाकायला अण्णांना विचार करावा लागला नाही. घोंगड्याच्या आत, त्या निळ्या उजेडात, त्यांना त्यांचा बाप दिसला, वाघरीच्या तोंडाशी उभा राहून दोन बोटांनी जोड्या जोड्यांनी मेंढरं मोजणारा. अण्णांनी दोनदा आकडा टाकला आणि मग मशीनवाल्याचं नाव शोधलं. नाव वाचता येत नव्हतं, पण सोनालीनं त्यापुढं मशीनचं चित्र लावून दिलं होतं.

थोड्या वेळानं आतून फोन वाजला. मग सोनालीच्या फोनवर मशीनवाल्याचा फोन आला. ती ऐकत होती, ऐकत होती, आणि एकदम तिनं साडीच्या निऱ्या धरल्या नि घोंगड्यासकट अण्णांना मिठी मारली.

"मिळालं म्हणं," ती म्हणाली. "पोचलं. मशीन आपलं झालं, अण्णा."

"मला भाईर तर काढ," अण्णा म्हणाले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. उकडत होतं आत, असं ते म्हणाले.

शहाजी पुढं आला. आठ दिवसांत प्रथमच तो त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होता. "अण्णा, फोन तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"मी कुटं देत हुतो," अण्णा म्हणाले.

"न्हाय, पर," शहाजीनं डोकं खाजवलं. "घोंगडं द्या जरा."

"तुला कशाला?"

"टेम्पोचा नंबर बदलता येत न्हाय. पिन तेवडा बदलतो."

परत एकदा सगळ्या मांडवानं पाठ फिरवली. या खेपेला दिपालीनं घोंगड्याच्या बाहेरून सूचना दिल्या, आणि त्या सूचनांत पिनपेक्षा इतर गोष्टीच जास्त होत्या. कार्यालयाचं नाव मात्र शहाजीनं त्या दिवसानंतर काढलं नाही. लग्न वस्तीवरच करू, मोकळी हवा असते, असं तो जेवताना हेमावतीबाईंना आपणहून सांगत होता, आणि शेजारी बसलेला जोतिराम माना डोलावत होता.

अंगठ्या एक वाजता घातल्या गेल्या. सोनालीनं हात पुढं करायच्या आधी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी पटक्यातली पुडी सोडून दोघांच्या कपाळाला भंडारा लावला, आणि बोट पुसायच्या निमित्तानं थोडा शहाजीच्या कपाळालाही लावला. पुरणपोळी झाली, त्यावर दुधाची वाटी झाली. हेमावतीबाईंनी कस्तुराबाईला कन्नडात उखाणा घ्यायला शिकवलं आणि कस्तुराबाईनं तो इतका चुकीचा घेतला की पाहुण्यांच्या बायकांना ठसका लागला.

ऊन कललं तसे अण्णा मेंढरांकडं निघाले. चन्नप्पा मागून आले. दोघं वाघरीपाशी उभे राहिले. चन्नप्पांनी एका मेंढीच्या पाठीवरची लोकर चिमटीत धरून बघितली आणि बरी आहे अशी मान हलवली.

"आमच्यात बी न्हाय सांगत," ते म्हणाले. "परक्याला."

"व्हय. कुटंच न्हाय सांगत."

"मग आता?" चन्नप्पांनी विचारलं. "आता किती हायती, व्याही?"

अण्णांनी मांडवाकडं बघितलं. सोनाली खुर्चीवर बसली होती, नंदीश तिला फोनमध्ये गाळ्याचा फोटो दाखवत होता आणि मशीन कुठल्या भिंतीला लावायचं यावरून दोघांचं बहुतेक भांडण लागलं होतं. अण्णांनी खांद्यावरचं घोंगडं सैल केलं, एक टोक चन्नप्पांच्या हातावर टाकलं. खाली त्यांचा हात धरला. बाजारात धरतात तसा. आणि बोटं दाबून आकडा सांगितला, आधी दहाचे, मग सुटे. खरा.

चन्नप्पांनी डोळे मिटून तो मोजला. मग त्याच घोंगड्याखाली त्यांनी आपल्या वाघरीतला आकडा अण्णांच्या बोटांत दाबला. तो अण्णांच्या आकड्यापेक्षा मोठा होता, आणि अण्णांना त्याचा आनंद झाला, पोरगी भरल्या घरात चालली होती. दोघांनी हात सोडले. सोयरीक आता खरी ठरली होती.

चन्नप्पा परत जायला वळले. चार पावलं गेले आणि थांबले.

"व्याही," ते म्हणाले, "आन् त्यो मोबाइलचा?"

"असत्याल की," भिमाअण्णा म्हणाले, "पंधरा-वीस."